परवाना आणि पत

हुंडीच्या जुन्या व्यवहारांविषयी वाचताना सावकारी शिस्तीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारातल्या पतदार शाहूलाच द्यायचे. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून द्यायची, तीही हरवली तर ‘परपेठ’. हे नियम कोणा सरकारने घालून दिलेले नव्हते. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टानेसुद्धा देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज पहिल्याच कलमात अबाधित ठेवले. दर्शनी हुंडी दाखवताच पटली नाही, तर पेढीची अब्रू गेली. एवढा धाक पुरे होता.

पण हा धाक बाजारातल्यांचा बाजारातल्यांना होता. नागवला गेलेला माणूसच परमुलखातला मजूर असेल, तर त्याची ओरड ऐकणार कोण? आपल्या पेठांना हा प्रश्न फारसा पडला नसावा, असे मला वाटते. तो ठळकपणे पुढे आला न्यूयॉर्कमध्ये.

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे इटलीतून आणि पूर्व युरोपातून माणसांचे लोंढे येत होते. इंग्रजी येत नसे, मोठ्या बँकेची पायरी चढण्याचे धैर्य नसे. मग मजुरीतले चार डॉलर घरी पाठवायचे ते आपली भाषा बोलणाऱ्या गाववाल्याकडून. हा गाववाला कधी किराणा विकी, कधी दारूचा गुत्ता चालवी, कधी आगबोटीची तिकिटे काढून देई. भांडवल बहुधा नसेच. १९०७ च्या आर्थिक अरिष्टात असे कित्येक पेढीवाले बुडाले. त्यांच्याबरोबर आईबापांकडे निघालेले पैसेही बुडाले.

१९१० मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला: लहान रकमा ठेवीसाठी किंवा पाठवण्यासाठी घेणाऱ्याने परवाना घ्यावा, १०,००० डॉलर राज्याच्या कंट्रोलरकडे ठेवावेत, आणि वर जामीनरोखाही लिहून द्यावा. मात्र ज्यांच्याकडील ठेवींची सरासरी ५०० डॉलरांहून कमी नसे, त्यांना सूट होती. एका पेढीवाल्याने हा आपल्या स्वातंत्र्यावर घाला असल्याची तक्रार केली. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. निकाल न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिला.

मला या कायद्यातली सूटच अधिक बोलकी वाटते. मोठी रक्कम ठेवणारा चौकशी करू शकतो, वकील लावू शकतो. चार डॉलरवाल्याला यांतले काहीच जमत नाही. म्हणून त्याच्या वतीने राज्याने आधीच चौकशी करायची आणि जामीन घेऊन ठेवायचा.

आपल्याकडे २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्टाने पैसे पोचवण्याची यंत्रणा चालवायला रिझर्व्ह बँकेची अनुज्ञा सक्तीची केली. अटी मोडल्या तर ती काढून घेण्याचा अधिकारही बँकेला दिला. अशी अनुज्ञा कोणाची काढून घेतली की व्यापाराची गळचेपी झाल्याची ओरड होते. कधी ती खरीही असेल. पण परवाना मुळात कोणासाठी आला, हे विसरून तिचा निवाडा करता येणार नाही. पतदाराला पत राखते. ज्याला बाजारात कोणी ओळखत नाही, त्याच्यामागे उभे राहायला परवानाच लागतो.