मूळ बदललें, नक्कल राहिली

नक्कल करणें हें सोपें काम आहे; ती मुळाशीं सदैव जुळती ठेवणें हेंच कठीण. वेबवरील माहितीच्या इतिहासांत या कठीण कामाचें एक उद्बोधक प्रकरण आहे.

दूरच्या सर्व्हरकडून तेंच पान पुन्हां पुन्हां आणण्यांत वेळ जातो. म्हणून त्याची प्रत जवळ ठेवण्याची, म्हणजेच कॅशची, पद्धति पडली. पण मूळ बदललें हें प्रतीला कळावें कसें? १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या नियमांत याचें उत्तर आढळतें. अमुक वेळेनंतर पान बदललें असेल तरच पाठवा, असें विचारावयाचें. बदल नसेल तर ३०४ हा आंकडा तेवढा परत येतो. मात्र हें घड्याळ सेकंदाहून सूक्ष्म नव्हतें. एकाच सेकंदांत दोन बदल झाले, तर दुसरा निसटण्याचा संभव होता. म्हणून १९९७ च्या नियमांत पानाच्या प्रत्येक रूपाला ईटॅग नांवाची निराळी खूण देण्याची सोय झाली.

२००६ सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं लिंक्ड डेटाचे चार नियम मांडले आणि प्रश्न अधिक बिकट झाला. आतां एकाच उत्तरांत अनेक ठिकाणचीं सुटीं विधानें एकत्र येऊं लागलीं, आणि त्यांपैकीं प्रत्येकाचें वय निराळें! एखाद्या जिवंत माणसाविषयींचें चुकीचें विधान मुळांत खोडलें गेलें, तरी नकलेंत तें तसेंच राहतें आणि खऱ्याच्या दिमाखानें पुढें सांगितलें जातें.

२००७ सालीं सुरू झालेल्या डीबीपीडियाला याचा अनुभव आला. विकिपीडियांतील माहितीचीं विधानें करून तो ग्रंथित करी. पण विकिपीडिया क्षणोक्षणीं बदले, आणि नवी नक्कल निघे कांहीं महिन्यांनीं. पुढें डीबीपीडिया लाइव्ह या योजनेंत विकिपीडियांतील बदलांची वार्ता सतत मिळूं लागली व बदललेले लेखच पुन्हां तपासले जाऊं लागले. इतर नकलांसाठीं वाढलेल्या विधानांची एक आणि गळलेल्या विधानांची दुसरी, अशा दोन याद्या निघूं लागल्या. यांतील दुसरी यादी विशेष महत्त्वाची. कारण नवें कळणें सोपें असतें, जुनें खोटें ठरलें हें कोणी तरी सांगावें लागतें.

प्रत्येक प्रश्नाच्या वेळीं सर्व मुळांना विचारीत बसावें, तर उत्तराला उशीर होतो. मुळींच न विचारावें, तर उत्तर शिळें होतें. या दोहोंतून पूर्णपणें सुटण्याचा मार्ग नाहीं. म्हणून नकलेनें निदान आपलें वय लपवूं नये. अमुक दिवशीं हें असें होतें, एवढें ती सांगेल, तर वाचणारा फसणार नाहीं.