कवटीबाहेरची वीज

पक्षाघाताने हातापायांची झालेली हानी चारचौघांच्या नजरेस पडते. परंतु उजव्या मेंदूस इजा पोहोचलेला रोगी ताटाच्या डाव्या अर्ध्या भागातील भाताला हातही न लावता 'पोटभर वाढत नाहीत' अशी तक्रार करू लागतो, तेव्हा ही अवधानाची हानी आहे असे न समजता घरची मंडळी त्याच्या स्वभावालाच दोष देतात. कवटीला छेद न देता बाहेरूनच मेंदूस चेतवून अशा रोग्यांचे अवधान सुधारण्याचा जो इलाज सांप्रत अजमावला जात आहे, त्याचे कूळ थेट रोमच्या बादशाही अमलापर्यंत जाते. कारण इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या वैद्याने जुनाट डोकेदुखीवर, अंगी वीज बाळगणारा जिवंत मासा दुखऱ्या जागी धरावा, असे लिहून ठेवले आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गॅल्व्हानीचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी याने विषादाच्या रोग्यांच्या मस्तकास विद्युत्प्रवाह लावला, आणि त्यासाठी वापरली ती मामाचा प्रतिवादी जो व्होल्टा त्याचीच घटमाला! हा प्रयोग त्याने स्वतःवरही केला व कित्येक दिवसांची झोप गमावली. हे धाडस वंदनीय खरे. पण 1803 साली लंडनात फाशी गेलेल्या गुन्हेगाराचे प्रेत विजेने हलवून दाखविण्याचा जो तमाशा त्याने मांडला, तो शास्त्रापेक्षा बाजाराला अधिक शोभणारा होता.

खरी अडचण कवटीच्या हाडाची. 1980 मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी तीव्र विद्युत्दाबाने ती ओलांडली, तथापि त्यात वेदना फार. 1985 साली शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी फॅरडेच्या 1831 मधील सिद्धान्ताचा आश्रय केला: हाडाला न जुमानणारे, क्षणोक्षणी बदलणारे चुंबकीय क्षेत्र मेंदूतच प्रवाह उत्पन्न करते. 2000 साली ग्योटिंगेन येथे नित्शे व पाउलुस यांनी अवघ्या 1 मिलिअँपिअरच्या संथ प्रवाहानेही मेंदूची उत्तेजनक्षमता बदलते, असा दाखला दिला.

अवधानाच्या बाबतीत युक्ती निराळीच. मेंदूचे दोन गोलार्ध परस्परांस आवरून धरतात, या मतानुसार दुखावलेल्या बाजूस चेतविण्याऐवजी वरचढ झालेल्या निरोगी बाजूसच शांत करावे, असा विचार पुढे आला व काही रोग्यांत डाव्या बाजूचे दुर्लक्ष तात्पुरते कमीही झाले. मात्र बहुतेक चाचण्या लहान, प्रत्येकीत प्रवाहाची मात्रा, जागा व मुदत वेगळी. त्यामुळे एकीचा निष्कर्ष दुसरीशी ताडून पाहणे अद्याप कठीणच जाते.