पोट भरलं, पण हाडं उपाशी

मंडळी, आपल्याकडे दुष्काळाचा हिशोब टँकरचा आणि टनाचा. किती टँकर चालू, किती टन चारा आला. तो चारा कोणता होता आणि तो खाऊन जनावराच्या अंगात काय गेलं, हे विचारणारे कमीच. म्हणून ही पोस्ट जरा लांब झालीय. ज्यांच्या दावणीला एखादी तरी गाय आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

बाहत्तरपासून सुरू करू. तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. आपला जिल्हा झाला १ मे १९८१ ला. माणसांनी खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. जनावरांना मिळेल ते. महिनोन्‌महिने हिरवं पान तोंडात नाही, की अंगातलं 'अ' जीवनसत्त्व संपतं. मग रातांधळेपणा येतो, गायी गाभडतात, आंधळी वासरं जन्मतात. जनावरं हाडं, चिंध्या, माती चघळायला लागतात. आपण त्याला खोड म्हणतो, पण तो स्फुरदाचा उपास असतो. आपल्या काळ्या रानात पिकाला लागू होणारं स्फुरद मुळात कमी, मग वैरणीत कुठून येणार? दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर या पशुवैद्यानं शंभर वर्षांपूर्वी हेच दाखवलं होतं. तिथली गुरं स्फुरदाच्या भुकेनं मेलेल्या जनावरांची हाडं चघळायची आणि त्यातल्या विषानं मरायची. तिकडे हाडांची भुकटी चारल्यावर हाडं चघळणं थांबलं.

तरी जुन्या दावणीत एक शहाणपण होतं. उंच गावरान ज्वारीचा कडबा, सोबत तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट आणि सरकीची ढेप. कडब्यानं पोट भरायचं, भुसकटातून चुना म्हणजे कॅल्शियम मिळायचं, ढेपेतून प्रथिनं आणि स्फुरद. कुणी पुस्तक वाचून हे ठरवलं नव्हतं. शेतात जे पिकायचं तेच गव्हाणीत यायचं.

मग शेतच बदललं. १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी आपल्या जालन्यात महिको सुरू केली आणि हे गाव बियाण्यांची राजधानी झालं. संकरित ज्वारीनं कणग्या भरल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिचं ताट बुटकं, कडबा कमी. पुढे सोयाबीन आलं, २००२ ला बीटी कापूस आला, आणि ज्वारीच मागं पडली. कापसाच्या पऱ्हाट्या चुलीत जातात, गव्हाणीत नाही. कडब्याची गंजी आता किती गावांत दिसते, तुम्हीच सांगा.

ती जागा घेतली उसाच्या वाढ्यानं. गोदाकाठच्या अंबड, घनसावंगी, परतूरमध्ये जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ऊस उभा राहिला, आणि टंचाईत सगळीकडे वाढ्याच्या मोळ्या फिरायला लागल्या. हिरवं दिसतं, जनावर आवडीनं खातं. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते पोटातच कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर काढतं. जनावर पोटभर खाऊन हाडांतलं कॅल्शियम झिजवत राहतं.

याच काळात गोठ्यात संकरित गाय आली. दोन-तीन लिटरच्या गावरान गाईचं एक वेळ निभावलं असतं. दहा-पंधरा लिटरवालीचं गणित वेगळं. गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम असतं. एक लिटर चिकात सुमारे २ ग्रॅम जातं. व्यायल्यावर पहिल्याच दिवशी दहा लिटर चीक काढला, तर बाकीचं हाडांतून आणि चाऱ्यातून यायला पाहिजे. ते आलं नाही की गाय बसते. कान गार, मान पोटाकडे वळवलेली, उठता येत नाही. याला म्हणायचं दुग्धज्वर, आणि गंमत म्हणजे यात ज्वर नसतोच, अंग थंड पडतं. (म्हशीला व्यायल्यावर लाल लघवी होते, ते बहुतेक वेळा स्फुरदाच्या कमतरतेनं. तेही बाहेरची बाधा समजून अंगारे लावत बसू नका.)

या आजारानं युरोपातही गोठे रिकामे केले होते. १८९७ ला डेन्मार्कमधल्या कोल्डिंगच्या श्मिट नावाच्या पशुवैद्यानं कासेत औषध सोडून पाहिलं आणि बसलेल्या गायी उठल्या. पुढे कळलं की औषधाची गरजच नाही, सडातून नुसती हवा भरली तरी चालतं. कास फुगली की दूध उतरणं थांबतं, कॅल्शियम रक्तात राहतं. कारण माहीत नसताना उपाय सापडला! खरं कारण १९२५ ला एडिंबरोच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी मांडलं, आणि मग कॅल्शियमची सलाईन आली. म्हणजे हे ज्ञान शंभर वर्षं जुनं आहे, आणि आपल्याकडे अजूनही सत्तर-ऐंशी हजारांची गाय रात्रीत जाते.

२०१२-१३ ला मोसंबीच्या बागा वाळल्या ते सगळ्यांना आठवतं. मराठवाड्यात छावण्या उघडल्या, २०१९ ला पुन्हा उघडल्या. मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये, लहानामागे ५०. भांडणं झाली ती अनुदानावर आणि बोगस जनावरांवर. ती व्हायलाच हवी होती. पण ऊस आणि वाढं खाऊन महिने काढलेल्या गायी घरी जाऊन व्यायल्या तेव्हा त्यांचं काय झालं, याची बातमी कुठे वाचलीत का?

उपाय महाग नाही. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका, कडबा-भुसकट मिसळा. रोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण द्या. गाभणीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र भरमसाठ कॅल्शियम पाजू नका, त्यानं हाडातून कॅल्शियम काढायची शरीराची सवय मोडते. आणि बसलेल्या गाईला नळीनं काही पाजायला जाऊ नका, ठसका लागून जाते. डॉक्टर बोलवा, सलाईनही सावकाशच द्यावी लागते, घाईत दिली तर हृदय बंद पडतं.

पशुसंवर्धन विभागाकडे आणि आपल्या आमदार-खासदारांकडे मागणी एवढीच: पुढच्या वेळी छावणी उघडाल तेव्हा रोजच्या चाऱ्याच्या तक्त्यात खनिज मिश्रण ग्रॅममध्ये लिहा, ते खरंच दिलं का याची वेगळी नोंद ठेवा, आणि जिथं वाढं उतरवता तिथं चुन्याच्या निवळीचं एक पिंप भरून ठेवा.