वादळाची रेघ

वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आले, "चक्रीवादळं बंगालच्या उपसागरातली. आपण सह्याद्रीच्या आड आहोत." ३ जून २०२० ला दुपारी 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, आणि संध्याकाळी इथे आळंदीत शेजारच्या गोठ्याचे पत्रे उडाले.

मग हवामान खात्याचा नकाशा पाहिला. १८९१ पासूनच्या वादळांच्या वाटा त्यात रेघांनी काढल्या आहेत. उपसागरात रेघांचं नुसतं जाळं. अरबी समुद्रात त्या बऱ्याच कमी, त्यातल्याही कित्येक ओमानकडे नाहीतर गुजरातकडे वळलेल्या. महाराष्ट्राला टेकणाऱ्या अगदी मोजक्या. नोव्हेंबर १९४८ ची मुंबईजवळची त्यातली एक.

म्हणजे माझं वाक्य अगदीच चूक नव्हतं. पण 'कमी' आणि 'नाही' यातला फरक मी मुलांना सांगितला नाही. जमिनीवर समुद्राची वाफ मिळेनाशी झाली की वादळ विझत जातं, हे खरं. विझता विझताही ते मावळ-खेडमधली छपरं घेऊन गेलं.

माझे काही विद्यार्थी आज चाकणला पत्र्याच्या शेडखाली काम करतात. कुणी हे वाचत असेल तर बाळांनो, वहीतलं ते वाक्य खोडा.