आयत्या मसाल्याची बंगळुरी कथा

बंगळुरास बदलून आलेल्या मराठी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात दोन डबे बहुधा शेजारी नांदतात: एक गावाहून आलेल्या गोड्या मसाल्याचा, दुसरा बाजारातून आणलेल्या सांबार पुडीचा. पहिल्याचा अभिमान बाळगावा आणि दुसऱ्याविषयी थोडा संकोच, अशी आपली रीत आहे. परंतु त्या पुडीचा इतिहास पाहिला, तर संकोचाचे फारसे कारण उरत नाही, असे आम्हांस वाटते.

आयत्या पायावर रांधणे ही काही आधुनिक आळसाची निर्मिती नव्हे. धणे, खोबरे, तीळ, दगडफूल, नागकेशर भाजून-कुटून उन्हाळ्यात केलेला गोडा मसाला आपण वर्षभर पुरवतो. आमटी रोज ताजी. तिचा पाया मात्र महिनोन्‌महिने आधी सिद्ध झालेला असतो. फ्रेंच पाकशास्त्राची रचनाही अशीच आहे. एस्कॉफिये याने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाडांचे व भाज्यांचे तासन्‌तास उकळलेले रस पायाभूत मानले आणि मोजक्या मूळ सॉसांतून इतर अनेक सॉस सिद्ध केले. मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात हे साधते. चार माणसांच्या घरात कसे साधावे? त्याच एस्कॉफियेच्या नावाचे बाटलीबंद सॉस लंडनमध्ये विकले जात. ज्याने पाया शास्त्रशुद्ध मांडला, त्याने तो विकण्यात कमीपणा मानला नाही.

आपल्याकडे गिरगावातील बेडेकरांचा व्यवसाय १९१० पासूनचा. पुण्यात १९६३ साली गिट्सची तयार मिश्रणे आली. बंगळूरची कथा मात्र टंचाईतून घडली. उडुपीच्या परिसरातून आलेल्या मैय्या बंधूंनी १९२४ साली येथे उपाहारगृह काढले. तेच पुढे मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे एम. टी. आर., या नावाने प्रसिद्धीस आले. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ दुर्मिळ झाला, तेव्हा या उपाहारगृहाने रव्याची इडली करून पाहिली, असे सांगतात. पुढे १९७५ च्या आणीबाणीत खाद्यपदार्थांचे दर सक्तीने उतरविण्यात आले. त्या दरांत आपला दर्जा राखणे चालकांस अशक्य झाले व उपाहारगृह बंद पडले. मग त्यांनी सांबार व रसमच्या पुड्या आणि रवा इडलीचे मिश्रण विकण्यास आरंभ केला. बनविलेला पदार्थ विकणे परवडेना, म्हणून पदार्थाचा पाया विकला गेला. उपाहारगृह पुन्हा उघडले, तथापि पुडी राहिलीच. २००७ साली खाद्यवस्तूंची कंपनी नॉर्वेच्या ऑर्क्लाकडे गेली. उपाहारगृह मात्र मैय्या कुटुंबाकडेच राहिले.

या कथेचा लाभ आपल्यासारख्या फिरस्त्यांस विशेष झाला. परप्रांतीय गृहिणीस सांबाराचे मर्म एरवी शेजारणीकडून, तेही भाषेची अडचण सोसून, शिकावे लागे. पुडीने ते दार उघडले. मात्र पुडीची मर्यादाही ओळखली पाहिजे. दळलेल्या मसाल्यातील सुगंधी तेले उडून जातात. अख्ख्या धण्यांत ती अधिक टिकतात. म्हणून पुडी थोडीच आणावी आणि डबा घट्ट लावावा. डाळ, चिंच आणि अखेरची मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आपल्या हातची असावी. पाया विकतचा असला, तरी वरची इमारत घरची राहते.

खरी हानी चवीची नसून प्रमाणाची आहे. वेष्टनावर जिन्नसांची नावे वाचता येतात. कोणता किती आणि कितपत भाजावा, हे तेथे नसते. कंपनीच्या हाती ते प्रमाण सुरक्षित आहे, ती विकली गेली तरी प्रमाण तिच्याबरोबर जाते. आपल्या घरातील प्रमाण मात्र बहुधा एखाद्या वृद्ध आईच्या किंवा सासूच्या हातातच असते, आणि ‘अंदाजाने घाल’ एवढेच त्याचे लिखित रूप असते. सांबार पुडी निःसंकोच विकत आणावी. परंतु पुढच्या रजेत घरी जाल, तेव्हा गोड्या मसाल्याचे धणे-खोबरे तागडीत घालून, वजन लिहून आणावे. तो मसाला त्याच चवीचा कोठल्याही दुकानात मिळणार नाही.