स्टार वॉर्स (पार्श्वसंगीत)

जॉर्ज लुकस यांच्या १९७७ सालच्या विज्ञानपटासाठी अमेरिकन संगीतकार जॉन विल्यम्स यांनी रचलेले वाद्यवृंद-संगीत. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी लुकस यांना विल्यम्स यांचे नाव सुचवले. ध्वनिमुद्रण मार्च १९७७ मध्ये इंग्लंडमधील डेनम येथील अँव्हिल स्टुडिओत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने केले; सलामीच्या धूनमधील तेजस्वी ट्रम्पेट मॉरिस मर्फी यांचा.

अवकाशकथा म्हटली की थेरेमिनसारखी विचित्र, विद्युत वाद्ये वापरण्याची रूढी १९५० च्या दशकापासून होती. विल्यम्स उलट दिशेने गेले. पडद्यावरचे जग पूर्ण अनोळखी, म्हणून संगीत ओळखीच्या भावनांचे हवे, हा विचार अचूक ठरला. एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादी परंपरा आणि संगीतकार कोर्नगोल्ड यांचे हॉलिवुडमधील भरदार संगीत हे विल्यम्स यांच्या रचनेचे आधार. वाग्नरच्या संगीतिकांप्रमाणे व्यक्तींना व कल्पनांना स्वतंत्र सूत्रधून मिळते आणि प्रसंगागणिक तिचे रूप पालटते. चित्रपटाचा तरुण नायक ल्यूक दोन सूर्यांचा अस्त पाहत उभा राहतो तेव्हा फ्रेंच हॉर्नवर ‘फोर्स’ या गूढ शक्तीची धून उमटते, मग तंतुवाद्ये ती उचलून धरतात. तरुणाची सारी तगमग तिथे एका शब्दाविना कळते. संपूर्ण रचनेतील हा सर्वांत उत्कट क्षण. खलनायक डार्थ व्हेडरचे प्रसिद्ध संचलनगीत मात्र या चित्रपटात नाही. ते १९८० च्या पुढील भागात आले.

या संगीताला सर्वोत्कृष्ट मूळ संगीताचा ऑस्कर पुरस्कार मिळाला (१९७८).