फोटोत शीड दिसतं, शिवण दिसत नाही

आजचा विषय शिडाची जहाजं आणि त्यांचे फोटो. आधी एक प्रश्न घ्या. एक जहाज दीड हजार वर्षांपूर्वी समुद्रात फिरत होतं. आज त्याची एक फळीही उरलेली नाही, आराखडा नाही, मोजमापांचा कागद नाही. उरलंय फक्त एक चित्र. तेवढ्यावरून ते जहाज परत बांधता येईल का?

येतं. बांधलंय. २९ डिसेंबर २०२५ला ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ला ओमानमधल्या मस्कतला पोचलं. या जहाजाला इंजिन नाही. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवलेल्या आहेत. होय, शिवलेल्या, गोधडी शिवतात तशा. आणि त्याचा आकार घेतलाय आपल्या अजिंठ्याच्या भिंतीवरून, पाचव्या शतकातल्या चित्रावरून.

तुम्ही त्याचे फोटो पाहिले असणार. फुगलेली शिडं, त्यांवर गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर सिंहाच्या रूपातली याळी, मागे निळा समुद्र. स्टेटसला ठेवावा असा फोटो. पण मला आज त्याच फोटोबद्दल एक तक्रार करायची आहे. ती तक्रार समजायला आधी थोडं जग फिरून येऊ.

जुन्या जहाजांच्या प्रतिकृती जगभर बांधल्या जातात. पण सगळ्या सारख्या खऱ्या नसतात. कोणती किती खरी, हे मागे काय उरलंय त्यावर ठरतं.

कॅप्टन कुकचं ‘एंडेव्हर’ घ्या. हे आधी कोळसा वाहणारं साधं व्यापारी जहाज होतं. १७६८ साली ब्रिटिश नौदलानं ते विकत घेतलं आणि गोदीत त्याची मापं घेऊन आराखडे काढले. ते कागद टिकले. म्हणून १९९३ साली ऑस्ट्रेलियात पाण्यात उतरलेली एंडेव्हरची प्रतिकृती मूळ जहाजाच्या खूप जवळ जाते. आज ती सिडनीत आहे. (पोटात लपवलेलं इंजिन आणि आधुनिक स्वयंपाकघर आहे, पण तो भाग वेगळा.)

आता कोलंबसचं ‘सांता मारिया’. शाळेपासून आपण या जहाजाचं चित्र बघत आलोय, बरोबर? तर त्याच्या काळातला त्याचा एकही आराखडा आपल्याकडे नाही. १८९२ साली स्पेननं त्याची प्रतिकृती बांधली, ती पुढच्या वर्षी शिकागोच्या प्रदर्शनात लोकांनी बघितली. त्यानंतरही बऱ्याच झाल्या. पण या सगळ्या अंदाजावर उभ्या आहेत. अभ्यास करून केलेला अंदाज, तरी अंदाजच. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध जहाज नेमकं कसं दिसायचं, हे कुणालाच ठाऊक नाही.

तिसरा प्रकार म्हणजे ‘ज्युएल ऑफ मस्कत’. १९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं बुडालेलं जहाज सापडलं. त्याच्याही फळ्या शिवलेल्या होत्या. इथे प्रत्यक्ष लाकूड हातात होतं, म्हणून ओमाननं त्यावरून प्रतिकृती बांधली आणि २०१० साली ती ओमानहून सिंगापूरपर्यंत शिडांवर नेली.

म्हणजे एकाकडे आराखडा, एकाकडे काहीच नाही, एकाकडे बुडालेलं लाकूड. आणि आपल्याकडे चित्र.

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातलं जहाज बघितलंत तर त्यात बरंच काही दिसतं. दोन्ही टोकं उचललेली, उंच उभी शिडं, मागे दिशा द्यायची मोठी वल्ही, ओळीनं मांडलेली मडकी. पण इंजिनिअरच्या नजरेनं बघा. पाण्याखालचा भाग दिसत नाही. डोलकाठीचा पाय खाली कशात रोवलाय ते दिसत नाही. फळीला फळी कशी जोडलीय तेही दिसत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हातात फक्त स्क्रीनशॉट आहे आणि त्यावरून पूर्ण अ‍ॅप लिहायचंय.

हे काम कसं झालं, त्याच्या तारखा सांगतो. कल्पना मांडली संजीव सान्याल यांनी. जुलै २०२३मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. १२ सप्टेंबर २०२३ला जहाजाचा कणा बसवला. फेब्रुवारी २०२५मध्ये ते गोव्यात पाण्यात उतरलं आणि २१ मे २०२५ला कारवारला नौदलात दाखल झालं. नौदलानं संकल्पनेपासून आराखड्यावर काम केलं, कारण अशा जहाजाची तयार मापं मिळणार कुठून? आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या करून ते पाण्यात कसं वागेल हे तपासलं.

पण शिवण? ती ना चित्रात होती, ना आयआयटीच्या पुस्तकात. ती होती केरळच्या कारागिरांच्या हातात. बाबू शंकरन या कसबी कारागिराच्या हाताखाली त्यांनी काथ्याची दोरी, नारळाचा काथ्या आणि राळ वापरून फळी न् फळी शिवली. ही विद्या अरबी समुद्राच्या काठांवर हजारो वर्षं होती. नंतर खिळे आले, नंतर इंजिनं आली, आणि ती विझत विझत थोड्याच हातांत उरली. ते हातही नसते, तर अजिंठ्याचं चित्र कितीही चांगलं असूनही मस्कत गाठता आलं नसतं.

माझा आजचा मुद्दा हाच. चित्रात आकार उतरतो, सांधा उतरत नाही.

हे फक्त अजिंठ्यापुरतं आहे का? नाही. मुंबईकरांनो, लोकल पकडा आणि बोरिवलीला उतरा. एकसर गावात वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड. शिलाहार-यादव काळातले. त्यांवर समुद्री लढाई कोरलीय. वल्ह्यांच्या रांगा असलेल्या होड्या स्पष्ट दिसतात. आठशे वर्षांच्या आसपासचा हा फोटोच म्हणा ना! पण त्यावरून ती होडी बांधता येईल? शिल्पकाराला वीर दाखवायचा होता, होडी मागची पार्श्वभूमी होती.

किंवा आंग्र्यांचं आरमार घ्या. गुराबा, गलबतं हे शब्द आपण अभिमानानं घेतो. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाच्या लढाईत ते आरमार जळालं. पेशवे आणि इंग्रज एका बाजूला होते, हे कटू सत्यही सोबत घ्या. त्या लढाईचं नामांकित चित्र कुणी काढलं? डॉमिनिक सेरेस या चित्रकारानं, इंग्लंडमध्ये, जिंकलेल्या इंग्रजी आरमाराचा पराक्रम दाखवायला. आज आंग्र्यांची मूळ गुराब डोळ्यांनी बघायची म्हटली तर जगात कुठेही उभी नाही.

आणि याच्या उलट एक गोष्ट आपल्याच मुंबईत घडलीय. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलाला मुंबईच्या गोदीत सागवानाची एक लढाऊ नौका बांधून हवी होती. तिचे आराखडे ‘जावा’ नावाच्या जहाजावरून इकडे यायला निघाले. डिसेंबर १८१२मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाजाशी जावाची गाठ पडली, ती हरली आणि आराखडे तिच्यासोबत गेले. मग? नव्या प्रती पाठवाव्या लागल्या. त्यावरून जमशेदजी बोमनजी वाडिया यांनी नौका बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ला ती पाण्यात उतरली. नाव ‘ट्रिंकोमाली’. ती अजून तरंगतेय, इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावात, संग्रहालय म्हणून. १९८७पासून पुढे तिची मोठी दुरुस्ती झाली. मुंबईचं सागवान दोनशे वर्षं टिकलंय. तिची दुसरी प्रत निघू शकली, कारण इंग्लंडमध्ये कागद जपलेला होता. बॅकअप होता, बस.

आता घोडपदेवला या.

इथून रे रोडचा पूल ओलांडून पूर्वेला गेलं की बंदराची हद्द लागते. तिथल्या नावांतच सगळा इतिहास आहे. लकडी बंदर, जिथे लाकूड उतरायचं. कौला बंदर, कौलांचं. हे बंदर, आणि हे ‘हे’ म्हणजे इंग्रजीतलं गवत बरं का, ‘हे काय’ मधलं नाही. हा सगळा माल कोकणातून, मलबारातून, गुजरातेतून शिडाच्या होड्यांनी यायचा. फत्तेमारी, मचवे, पडाव. विसाव्या शतकात इंजिनं आली, शिडं उतरली आणि ती गलबतं एक एक करून संपली.

त्याच पट्ट्यात दारूखाना. इथे जहाजं तोडतात. १९७१च्या युद्धातली आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ इथेच तुटली. जानेवारी १९९७मध्ये ती निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय होती, २०१४मध्ये भंगारात विकली गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा अंश पुढे बजाजच्या ‘व्ही’ मोटरसायकलमध्ये आला, हे तुम्हाला माहीत असेल. विक्रांत गेली याचं दुःख मोठंच. पण तिचे आराखडे होते, हजारो फोटो होते, तिच्यावर राबलेल्या लोकांच्या आठवणी छापल्या गेल्या. कौला बंदरला लागणाऱ्या एखाद्या साध्या फत्तेमारीच्या वाट्याला यातलं काय आलं असेल?

असं नाही की मुंबईत कॅमेरा नव्हता. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. पण त्या काळी काच ओली असतानाच फोटो काढायचा, आणि काही सेकंद सगळं स्थिर हवं. लाटेवर डोलणारी होडी स्थिर कुठली राहणार? डोलकाठी धूसर व्हायची. आज तुमच्या खिशातला फोन एका सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेतो. आणि आपण काढतो काय, तर सूर्यास्त.

ही माझी तक्रार. कौंडिण्यच्या त्या सुंदर फोटोवरही तीच. दीड हजार वर्षांनी फक्त तो एकच फोटो उरला, तर त्या काळचा माणूस आज आपण अजिंठ्यासमोर उभे आहोत तिथेच उभा असेल. शीड दिसेल, शिवण दिसणार नाही.

आज हे का सांगतोय? कारण लाकडी होड्या अजून संपलेल्या नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून मोरा, रेवसला जाणाऱ्या लाँच बघा, मासेमारीच्या बोटी बघा. लाकडाची जागा फायबर घेतंय. त्यात कोळी बांधवांची चूक काही नाही. लाकूड महाग, दुरुस्ती वारंवार, आणि सुतार मिळत नाहीत. त्यांनी आपल्या हौसेसाठी लाकडी बोट चालवावी असं मी म्हणणार नाही. पण जाण्याआधी तिची नोंद तरी राहू दे.

मग काय करायचं? पुढच्या वेळी होडीजवळ गेलात की सूर्यास्ताचा फोटो घ्या, जरूर घ्या. त्यानंतर आणखी सहा घ्या. बाजूनं पूर्ण होडी, शेजारी एक माणूस उभा, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. समोरून नाळ. मागून सुकाणू. ओहोटीला किंवा दुरुस्तीला वर काढलेली असेल तर तळ, कारण तो एरवी कधीच दिसत नाही. दोन फळ्यांमधला सांधा, अगदी जवळून, शेजारी दहाचं नाणं ठेवून. आणि सहावा, काम करणाऱ्या हातांचा. फोटोखाली तारीख आणि जागा लिहा.

सगळ्यात महत्त्वाचं, त्या सुताराला किंवा तांडेलाला विचारा की या भागाला तुम्ही काय म्हणता. काका सांगतील. फोन काढून रेकॉर्ड करा, पण आधी त्यांना विचारून. शीड बांधायच्या आडव्या काठीला ‘परबाण’ म्हणतात, हे आज किती जणांना ठाऊक आहे? होडी गेली की तिच्या भागांची नावंही जातात, आणि ती कुठल्याच फोटोत दिसत नाहीत.

एक सूचना. माझगाव डॉक आणि नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा रोखू नका, तिथे मनाई आहे. बंदराच्या हद्दीत आधी परवानगी विचारा. आणि कुणाच्या बोटीवर न विचारता चढू नका. ती त्यांची रोजीरोटी आहे.

तुमच्यापैकी कुणाचे आजोबा फत्तेमारीवर होते, गोदीत कामाला होते, कौला बंदरला हमाली करत होते? घरच्या जुन्या अल्बममध्ये मागे कुठेतरी एखादं शीड दिसतंय का, शोधा. आजी असेल तर तिला तो फोटो दाखवा आणि ती जे बोलेल ते लिहून ठेवा, आजच. पुढच्या भागात भेटू.